ग्योकी : मातीच्या बांधाशेजारी विहार बांधणारा भिक्खू



जपानमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची नारा शहराची एक तरी फेरी झालेली असते. गावाकडून आई-वडील आले की त्यांना हरणं दाखवायची, तोदाइजीतला प्रचंड बुद्ध दाखवायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. किन्तेत्सू नारा स्टेशनातून बाहेर पडलात की समोर कारंजं दिसतं आणि कारंज्याच्या मधोमध एका भिक्खूचा पुतळा. स्थानिक लोक एकमेकांना इथंच भेटतात. तुम्हीही तिथं उभं राहून आपल्या ग्रुपमधल्या उशिरा येणाऱ्यांची वाट पाहिली असेल. मी तीन वेळा पाहिली. हा भिक्खू कोण, हे विचारायचं मात्र मला चौथ्या वेळी सुचलं.

त्याचं नाव ग्योकी. आजपासून साधारण तेराशे वर्षांपूर्वीचा माणूस. जपानमध्ये त्याला शाळकरी मुलंही ओळखतात, पण आपल्याकडे त्याची माहिती जवळजवळ नाही. मला तो जास्त जवळचा वाटला, त्याला एक खासगी कारण आहे. आज मी बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो, पण माझं पदव्युत्तर शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीतलं, त्यातही मातीच्या बांधांचं. दोन वर्षं मी मातीचे नमुने दाबून, भिजवून, फोडून पाहिले. नंतर आपल्या पिढीतल्या अनेकांसारखा आयटीत आलो. हात कीबोर्डवर गेले, पण माती काही डोक्यातून गेली नाही. म्हणून या भिक्खूनं मातीचे बांध घातले हे कळल्यावर मी त्याच्या मागेच लागलो.

ग्योकीचा जन्म इ.स. 668 चा, आजच्या ओसाकाजवळच्या साकाई शहराच्या परिसरातला. त्याचं घराणं कोरियातल्या पेक्चे राज्यातून आलेल्या लोकांच्या वंशातलं. म्हणजे काही पिढ्यांपूर्वी बाहेरून येऊन इथं स्थिरावलेल्या माणसांपैकी एक. पंधराव्या वर्षी, 682 मध्ये, त्यानं प्रव्रज्या घेतली. परंपरा सांगते की त्याचे गुरू दोशो. हे दोशो समुद्र ओलांडून चीनला गेले आणि तिथं ज्यांच्याजवळ शिकले ते ह्युएन त्सांग, म्हणजे नालंदेला शीलभद्रांच्या पायाशी बसून शिकलेले आणि त्याच भारतप्रवासात आपल्या महाराष्ट्राबद्दलही लिहून गेलेले, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असलेले. नालंदा, मग चांगआन, मग जपान. आपल्याकडून निघालेलं पाणी किती लांब वाहत गेलं ते पाहा.

चीनहून परतल्यावर दोशो देशभर फिरले. वाटेच्या कडेला विहिरी खोदल्या, नदीवर तर सुरू केल्या. शिष्यानं गुरूकडून काय उचललं, हे यावरून समजतं.

त्या काळचा जपानी बौद्ध धर्म कसा होता, हे आधी लक्षात घ्यायला हवं. तो दरबाराचा धर्म होता. भिक्खू होण्यासाठी सरकारची परवानगी लागे. भिक्खूंनी विहारात राहायचं, सूत्रं म्हणायची, राजाच्या आणि राज्याच्या कल्याणासाठी विधी करायचे. विहाराबाहेर पडून सामान्य लोकांना जमवून उपदेश करणं कायद्यानं मना होतं. आणि लोकांची अवस्था? 710 मध्ये नारा ही नवी राजधानी झाली. रस्ते, वाडे, विहार बांधायला प्रांतोप्रांतीचे शेतकरी वेठीला धरले गेले. कराचं धान्य-कापडही त्यांनीच पाठीवरून राजधानीत पोचवायचं. काम संपलं की परत जायला शिधा पुरत नसे. परतीच्या वाटेवर माणसं भुकेनं पडत आणि मरत.

ग्योकी या वाटांवर उतरला. त्यानं वाटसरूंसाठी निवारे उभे केले. तिथं जेवण मिळे, आजाऱ्याला पडायला जागा मिळे. असे 9 निवारे त्याच्या नावावर आहेत. त्या निवाऱ्यांना जे नाव होतं, त्यात दान हाच शब्द आहे. निवाऱ्याजवळ लोक जमत आणि तो त्यांना धम्म सांगे. हजारो माणसं त्याच्यामागं येऊ लागली, त्यांत पळून आलेले वेठबिगार होते, बायका होत्या, परवानगीशिवाय मुंडण केलेले होते.

सरकार घाबरलं. 717 मध्ये बादशाही फर्मान निघालं. त्यात ग्योकीचं नाव घेऊन, तेही तुच्छतेनं घेऊन, त्याच्यावर आणि त्याच्या शिष्यांवर आरोप केले गेले. रस्त्यावर गर्दी जमवतात, खोटी शिकवण देतात, दारोदार मागतात, लोकांना भुलवतात. आरोपांची ही यादी वाचताना मला हसू आलं आणि थोडी चीडही आली. शतक कुठलंही असो, लोकांत जाणाऱ्या माणसावरचे आरोप फारसे बदलत नाहीत.

इथं तुम्हाला बाबासाहेब आठवतील. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्खूबद्दल प्रश्न उभा केला आहे. बुद्धानं भिक्खू घडवला तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांची सेवा करणारा म्हणून? धम्माचं भवितव्य त्यांनी या उत्तराशी जोडलं. ग्योकीनं त्यावर ग्रंथ लिहिला नाही. त्यानं काय केलं ते पुढे सांगतो, कारण माझ्या मते त्याचं उत्तर मातीत आहे.

ओसाकाचा प्रदेश पाण्याच्या बाबतीत विचित्र आहे. एरवी पाऊस कमी, नद्या आखूड, आणि भाताची लावणी करायची तर जूनमध्ये पाणी हवंच. मग एखादं वादळ येतं आणि दोन दिवसांत सगळं पाणी एकदम डोंगरावरून खाली येतं, शेत आणि घर घेऊन जातं. एकाच गावाचं एकाच वर्षात दुष्काळानं आणि पुरानं नुकसान. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना यावरचा उपाय सांगायला नको. दरीच्या तोंडावर मातीचा बांध घाला, पावसाचं पाणी अडवा, पूर थोपवा आणि तेच पाणी हळूहळू शेताला सोडा. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, याच जातीचे. जपानमध्ये अशा तळ्याला तामे-इके म्हणतात.

आता सरकारलाही शेतजमीन वाढवायची होती. 723 मध्ये कायदा झाला की जो नवं तळं किंवा पाट काढून जमीन लागवडीखाली आणील, त्यानं ती तीन पिढ्या उपभोगावी. म्हणजे बांध घालू शकणाऱ्या माणसाची दरबाराला गरज पडली. आणि तशी माणसं कुणाकडे होती? ज्याच्यावर सहा वर्षांपूर्वी फर्मान काढलं होतं त्याच्याकडे. ग्योकीचे अनुयायी वेठीनं आलेले नव्हते. अशा कामासाठी स्वखुशीनं एकत्र आलेल्या लोकांना जपानी बौद्धांत जो शब्द वापरत, त्याचं मूळ आपल्या कल्याणमित्र या शब्दात आहे. कुणी तांदूळ द्यायचा, कुणी लाकूड, ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं टोपलीभर माती. बाराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या त्याच्या चरित्रवृत्तांतात 15 तळी, 6 पूल, 2 बंदरं आणि शिवाय पाट, कालवे, मोऱ्या यांची यादी आहे. त्याच्या मृत्यूची नोंद करणाऱ्या सरकारी इतिहासातही असं नमूद आहे की तो जिथं जाई तिथं पूल आणि बांध होत आणि लोक धावून आल्यामुळे काम लवकर उरके.

या तळ्यांपैकी एक तुम्ही अवश्य पाहावं, ते म्हणजे सायामा-इके. हे ग्योकीनं नव्यानं बांधलं नाही. ते त्याच्याही आधीचं. बांधातून पाणी बाहेर काढणारी जुनी लाकडी मोरी उत्खननात मिळाली आणि तिच्या लाकडातली वर्तुळं मोजून कळलं की झाड 616 मध्ये तोडलेलं होतं. पहिला बांध सुमारे साडेपाच मीटर उंच आणि तळाशी सुमारे 27 मीटर रुंद. 731 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ग्योकीनं त्याची दुरुस्ती केली.

तळ्याच्या काठावर आज तादाओ आंदो या वास्तुशिल्पकारानं उभारलेलं संग्रहालय आहे. तिथं बांधाचा उभा छेद ठेवलाय. प्रतिकृती नाही, खरा बांध. 15 मीटरपेक्षा उंच आणि 62 मीटर रुंद मातीचा काप ठोकळ्या-ठोकळ्यांनी कापून, रसायनात मुरवून, वाळवून पुन्हा जुळवलेला. मी त्याच्यासमोर तासभर उभा होतो. बायको आणि मुलगी कंटाळून बाहेर गेल्या.

त्या छेदात खालच्या भागात मातीच्या थरांच्या मधे काळपट बारीक रेघा दिसतात. पानांसकट तोडलेल्या फांद्या अंथरायच्या, वर मातीचा थर घालून तुडवायचा, पुन्हा फांद्या, पुन्हा माती. ही रीत चीन-कोरियातून आलेली. मी शिकत असताना ओल्या, मऊ मातीत कापडासारखी जाळी अंथरून भराव कसा मजबूत करायचा, हा आम्हाला आधुनिक विषय म्हणून शिकवला होता. इथं तेच, चौदाशे वर्षांपूर्वी, झाडाच्या डहाळ्यांनी. वरच्या थरांत एका ठिकाणी रेघा एकदम तिरक्या होऊन घसरलेल्या दिसतात. तो 1596 च्या भूकंपाचा व्रण आहे.

मातीचा बांध कसा मरतो, हे इथं थोडं सांगायला हवं, नाहीतर ग्योकीचं खरं मोठेपण लक्षात येणार नाही. दगडी धरणावरून पाणी वाहिलं तर ते बहुधा सोसतं. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. पाणी एकदा माथ्यावरून वाहू लागलं की मागचा उतार खरवडत जातो आणि तासाभरात भगदाड पडतं. म्हणून सांडवा हवा, पुरेसा रुंद हवा आणि मोकळा हवा. दुसरा मृत्यू आतून येतो. पाणी बांधातून झिरपतंच, ते कुणाला थांबवता येत नाही. ते स्वच्छ झिरपतं तोवर ठीक. गढूळ येऊ लागलं की समजावं, ते आपल्याबरोबर माती आणतंय, आत नळी तयार होतेय. ही नळी बहुतेक वेळा मोरीच्या कडेनं होते, कारण लाकूड किंवा दगड आणि माती यांची मिठी कधीच पक्की बसत नाही. शिवाय झाडांची मुळं कुजून राहिलेल्या पोकळ्या, घुशींची बिळं. तिसरा मृत्यू उतार घसरून, भूकंपात किंवा तळं एकदम रिकामं केल्यावर.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. कुणीतरी रोज बांधावर चालत असेल तर बहुतेक वेळा आधी कळतं. पाण्याचा रंग बदललाय, गवतात एके ठिकाणी ओल आहे, माथा जरा खचलाय, सांडव्यात ओंडका अडकलाय. यासाठी पदवी लागत नाही. लागतो तो तिथं राहणारा माणूस.

आणि ग्योकीनं नेमकं हे केलं. तो तळं बांधून किंवा दुरुस्त करून पुढच्या गावाला निघून गेला नाही. तळ्याशेजारी विहार बांधायचा, ही त्याची पद्धत होती. सायामाला त्यानं भिक्खूंसाठी एक आणि भिक्खुणींसाठी वेगळा एक असे दोन विहार उभे केले. किशिवादा शहरातलं कुमेदा-इके हे सुमारे 45 हेक्टरांचं तळं 725 ते 738 अशी चौदा वर्षं खपून झालं, आणि ते राखण्यासाठीच काठावर विहार झाला, तो आजचा कुमेदा-देरा. राजधानीच्या भोवतालच्या प्रांतांत त्याचे असे 49 विहार होते असं सरकारी इतिहास सांगतो. सगळेच पाण्याजवळ नव्हते, पण अनेक होते. विहारात राहणारे धम्म शिकत, शिकवत आणि बांधही राखत. आपण सिस्टीम लाइव्ह करून सपोर्ट टीम न ठेवता निघून गेलो तर काय होतं, ते माझ्या क्षेत्रातल्या मित्रांना सांगायला नको. ग्योकी सपोर्ट टीम ठेवून जात होता.

731 मध्येच दरबारानं पहिली माघार घेतली. ग्योकीच्या अनुयायांपैकी 61 वर्षांवरच्या पुरुषांना आणि 55 वर्षांवरच्या स्त्रियांना रीतसर प्रव्रज्या घ्यायला परवानगी मिळाली. तरुण माणसं वगळली, कारण ती कर भरायला आणि राबायला हवी होती. तरीही ज्याला चौदा वर्षांपूर्वी भोंदू ठरवलं होतं, त्याच्या संघाला मान्यता द्यावी लागली.

त्यानंतरचं त्याचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकांत तेच जास्त आहे. 743 मध्ये शोमू बादशहानं तोदाइजीतला महाबुद्ध घडवायचं ठरवलं. त्यासाठी लोकांकडून दान आणि श्रम गोळा करायला त्याला ग्योकीची गरज लागली आणि ग्योकी तयार झाला. 745 मध्ये त्याला महासंघनायक म्हणावं असं देशातलं सर्वोच्च भिक्खुपद मिळालं. हे पद मिळालेला तो पहिलाच. याच काळात भारतातून बोधिसेन नावाचे भिक्खू जपानला आले होते. 736 मध्ये त्यांचं नानिवा बंदरावर स्वागत करायला ग्योकी गेला होता, असं परंपरा सांगते. पुढे 752 मध्ये महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तो या भारतीय भिक्खूंच्या हातून. ग्योकीनं तो पाहिला नाही. 749 मध्ये, जपानी मोजणीनं 82 व्या वर्षी, नारातल्या सुगावारा विहारात त्याचं निधन झालं. इकोमाच्या डोंगरावर दहन झालं.

तो राजाच्या बाजूला गेला का? हा प्रश्न इथले अभ्यासकही विचारतात आणि तो आपल्या चळवळीला नवा नाही. ज्या माणसानं वेठबिगारांना निवारा दिला, त्यानं त्यांच्याच घामावर उभ्या राहणाऱ्या महामूर्तीसाठी दान मागत फिरावं, हे मला आजही खटकतं. पण त्याच वर्षांत त्याची तळी, त्याचे पूल चालू राहिले, आणि त्यांना दरबाराचा धक्का लागला नाही. मी त्याला यावरून दोषी धरत नाही. खटकणं मात्र जात नाही.

आता पुढचं ऐका. 762 मध्ये, ग्योकी जाऊन तेरा वर्षं होतात न होतात तोच, सायामाचा बांध फुटला. दुरुस्तीला 83 हजार माणसांचं काम लागलं, अशी सरकारी नोंद आहे. म्हणजे एवढे मनुष्यदिवस. त्या वेळी बांध बराच उंच आणि रुंद केला गेला. फुटण्याचं कारण नोंदलेलं नाही. पण आणखी एक नोंद 773 ची आहे. ग्योकीच्या काही विहारांना जमीन नसल्यामुळे ते ओस पडले होते, म्हणून त्यांतल्या सहांना दरबारानं शेत दिलं. या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध आहे असा माझा दावा नाही, आणि सायामाचे विहार त्या सहांत नव्हते. पण राखणारे उपाशी राहिले तर राखण थांबते, हे मी माझ्या गावच्या तलावावर पाहिलंय.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मातीचा तलाव आहे. आजोबांच्या लहानपणी त्याची पाळ दरवर्षी पावसाआधी गाव मिळून नीट करायचं. त्यात आमच्या वस्तीतली माणसं मातीच्या टोपल्या वाहायची, आणि पाणी मात्र आमच्या शेताला शेवटी यायचं, कधी यायचंही नाही. पुढे तलाव सरकारचा झाला. सरकारचा झाल्यावर तो कुणाचाच राहिला नाही. पाळीवर बाभळी वाढल्या. मी कॉलेजात असताना एका पावसाळ्यात मोरीच्या कडेनं गढूळ पाणी यायला लागलं. मी उत्साहानं अर्ज लिहिला, नकाशा काढून जोडला. अर्ज ज्या टेबलावर गेला तिथंच राहिला. शेवटी वस्तीतल्या पोरांनी रात्रभर रेती-खडीची पोती टाकून ते ठिकाण दाबलं. तलाव त्या वर्षी वाचला.

सगळीकडे असं वाचत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. लहान, मातीचं धरण. वीसहून अधिक माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते. नंतर एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला आणि सगळा महाराष्ट्र कडवट हसला. इंजिनिअर म्हणून सांगतो, खेकडे बिळं करतात हे खोटं नाही. पण खेकडा एका रात्रीत धरण फोडत नाही. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बांधावर कुणी फिरकलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जपानला हे चुकलं असं समजू नका. देशात दीड लाखाच्या आसपास तळी आहेत, बहुतेक जुनी. त्यांतली 50 हजारांहून अधिक अशी, की फुटली तर खालच्या वस्तीला धोका. 2011 च्या भूकंपात फुकुशिमा प्रांतातलं फुजिनुमा हे मातीचं धरण फुटून आठ जणांचा बळी गेला. 2018 च्या जुलैच्या पावसात पश्चिम जपानात 32 तळी फुटली, फुकुयामा शहरात तीन वर्षांची मुलगी गेली. खेडी म्हातारी झालीत, तरुण शहरात आहेत, अनेक तळ्यांचा मालक कोण हेच सापडत नव्हतं. 2019 मध्ये कायदा करून प्रत्येक तळ्याची नोंद सक्तीची केली, ती यामुळे. बांध कसा आहे याच्या आधी बांध कुणाचा आहे, हे विचारावं लागलं.

आणि ‘कुणाचा’ या शब्दावरून मला सायामाची शेवटची गोष्ट सांगायची आहे. 1202 मध्ये बांध पुन्हा मोडकळीस आला होता. खालच्या तीन प्रांतांतल्या पन्नासहून अधिक गावांनी चोगेन नावाच्या भिक्खूला विनवलं. चोगेनही तेव्हा 82 वर्षांचा, जळालेलं तोदाइजी पुन्हा उभारणारा. तो स्वतःला ग्योकीच्या वाटेवरचा मानत होता. त्यानं मोरीसाठी जुन्या थडग्यांतल्या दगडी शवपेट्या आणल्या, त्यांची टोकं फोडून एकापुढे एक लावल्या आणि पाण्याची वाट केली. मेलेल्या सरदारांच्या पेट्यांतून जिवंत शेतकऱ्यांना पाणी.

या कामाची हकिगत त्यानं एका दगडावर कोरून ठेवली. तो दगड 1993 मध्ये, तळ्याचं नवं काम चालू असताना सापडला. ग्योकीनं 731 मध्ये चौसष्टाव्या वर्षी केलेल्या कामाची आठवण त्यात आहे. आणि कुणी काम केलं तेही आहे. भिक्खू आणि गृहस्थ, पुरुष आणि स्त्रिया, मुलं, भिकारी, आणि हिनिन, या सगळ्यांनी आपल्या हातांनी दगड ओढले आणि बांध घातला. हिनिन म्हणजे अक्षरशः जो माणूस नाही तो. जपानच्या समाजातल्या बहिष्कृतांसाठीचा हा शब्द. ज्यांना भाषेनंच माणसातून काढलं होतं, त्यांचं नाव बांध घालणाऱ्यांच्या यादीत, भिक्खूंच्या ओळीत, दगडावर आहे. आमच्या तलावाच्या पाळीवर मालगुजाराचं नाव सगळे सांगतात. टोपल्या वाहणाऱ्यांचं कुठंच कोरलेलं नाही.

संग्रहालयात तो शिलालेख पाहताना मी माझ्या मुलीला ही दोन अक्षरं दाखवली. ती इथल्या शाळेत शिकते, कांजी माझ्यापेक्षा चांगल्या वाचते. तिनं वाचली, अर्थ लावला, आणि विचारलं की पप्पा, मग यांना पाणी मिळालं का? त्या दगडावर ते लिहिलेलं नाही. तिला मी घरी आल्यावर महाडची गोष्ट सांगितली.

सायामा-इके आज पुन्हा पुरासाठी राबतंय. 1982 मध्ये त्या भागात मोठा पूर आला. त्यानंतर 1988 पासून तळं खोल करून आणि बांध वाढवून त्याला पूर थोपवणारं धरण केलं गेलं. एकूण 28 लाख घनमीटर पाण्यापैकी 10 लाख घनमीटर जागा वादळाच्या पाण्यासाठी राखलेली असते. म्हणूनच तो छेद कापायला मिळाला आणि तो दगडही सापडला. बांध अजून मातीचाच आहे. माथ्यावर सकाळी म्हातारी माणसं फिरायला येतात, कुणी कुत्रा घेऊन, कुणी रेडिओ लावून.

कुमेदाला तर ऑक्टोबरमध्ये जा. आजूबाजूच्या वस्त्यांतले लोक आपापले लाकडी रथ ओढत कुमेदा-देराला आणतात, ते ग्योकीचे आभार मानायला. आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाची तारीख सांभाळून दोन्ही जमवता येईल. सायामाला जायचं तर ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नान्काईची कोया लाइन पकडायची आणि ओसाकासायामाशी स्टेशनला उतरायचं. तिथून तळं चालत दहा मिनिटांवर आहे. संग्रहालयाला तिकीट नाही, सोमवारी बंद असतं. मुलांना न्या, आणि बांधाच्या छेदात पानांच्या रेघा कुठून दिसायला लागतात ते खालच्या बाजूनं शोधा.